हेमार्केटची संध्याकाळ, टोकियोची रिळं

रस्ता एवढा मोकळा कसा, हे तुम्हाला आधी कळत नाही. हेमार्केट म्हणजे लंडनच्या ऐन मध्यातला रस्ता. वरच्या टोकाला पिकॅडिली सर्कस, खाली चार पावलांवर ट्रफाल्गर चौक. इथे लाल दुमजली बसगाड्यांची रीघ हवी, आणि एकही दिसत नाही. मग तारीख आठवते. २२ मे १९५८, गुरुवार. पाच तारखेपासून लंडनच्या बसवाल्यांचा संप चालू आहे आणि तो जूनचा तिसरा आठवडा उजाडेपर्यंत मिटणार नाही. हे तुम्हाला माहीत आहे, शेजारून घाईनं जाणाऱ्या बाईला नाही.

सात वाजून गेलेत, तरी ऊन आहे. मे महिन्यात इथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. ज्या सिनेमात सगळं सूर्य कधी मावळतो आणि कधी उगवतो यावर ठरतं, तो बघायला तुम्ही असे लख्ख उजेडातून आत शिरताय, हे बरंच झालं.

समोर गोमाँ थिएटर. पाटीवर एकच नाव: ड्रॅक्युला. खाली 'एक्स' हे अक्षर, म्हणजे सोळा वर्षांखालच्यांना मज्जाव. सिनेमा हॅमर या छोट्या ब्रिटिश कंपनीचा आहे. दोन आठवड्यांपूर्वी तो अमेरिकेत मिलवॉकी शहरात दाखवून झालाय, लंडनला आज येतोय. तुम्ही तो किती वेळा पाहिलाय याची मोजदाद सुटली आहे. रात्री उशिरा टीव्हीवर पाहिलाय, घासलेल्या कॅसेटवर पाहिलाय, डीव्हीडीवर पाहिलाय. संवाद यायच्या आधी तुमचे ओठ हलतात. पण पुढे काय होणार हे ज्यांना माहीत नाही अशा माणसांच्या गर्दीत बसून तो तुम्ही कधीच पाहिलेला नाही. तेवढ्यासाठी आलात.

आणखी एक कारण आहे. त्याच्याकडे नंतर येऊ.

आत सिगारेटचा धूर. प्रोजेक्टरच्या झोतात तो इतका दाट दिसतो की प्रकाशालाच अंग आल्यासारखं वाटतं. बॅटरी घेतलेली मुलगी तुम्हाला रांग दाखवते. सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर येतं, आणि मग जेम्स बर्नार्डचं संगीत अंगावर येतं. पितळी वाद्यांचे तीन ठोक सूर. नीट ऐका, ते सूर म्हणजे नावाचीच अक्षरं आहेत: ड्रॅ, क्यु, ला. पुढची ब्याऐंशी मिनिटं पडद्यावर कुणी हे नाव घेतलं नाही तरी वाद्यवृंद घेत राहणार आहे.

दगडी गरुड. कॅमेरा त्याला वळसा घालून खाली तळघरात उतरतो, एका शवपेटीपाशी थांबतो. पेटीवर नाव कोरलंय. आणि त्या नावावर वरून रक्त पडतं. लालभडक. थिएटरभर एकदम श्वास घेतल्याचा आवाज होतो. त्या आवाजाचं मोल तुम्हाला आज कळतंय. तुमच्या आसपासच्या माणसांनी ड्रॅक्युला पाहिलाय तो १९३१चा, बेला लुगोसीचा, काळापांढरा. त्यात सुळे दिसत नाहीत, रक्ताला रंग नाही. तुम्ही लहानपणापासून लाल रक्त बघत आलात, त्यांना ते आत्ता, या क्षणी दिसतंय.

जोनाथन हार्कर किल्ल्यात येतो. दिवसाढवळ्या येतो, हे लक्षात घ्या. कोळ्यांची जाळी नाहीत, वटवाघळं नाहीत. स्वच्छ झाडलेला दिवाणखाना, पेटलेली शेकोटी, मांडून ठेवलेलं जेवण. फक्त एकही पक्षी ओरडत नाही, एवढंच तो आपल्या रोजनिशीत टिपतो. ज्या घरात सगळं नीटनेटकं आहे आणि माणूस मात्र दिसत नाही, त्या घराची भीती आपल्या कोकणातल्या बंद वाड्यांपेक्षा निराळी असते. इथे धूळ नाही, म्हणजे कुणीतरी रोज ती पुसतंय.

आता जिन्याच्या वरच्या टोकाला बघा. काळी उंच आकृती. दोन रांगा पुढे कुणीतरी फसकन हसतं, आणि त्याचं काही चुकलं नाही. आता तो परदेशी हेल काढून सावकाश बोलणार, डोळे वटारणार, असं सगळ्यांनाच वाटतंय. आकृती झरझर जिना उतरते, जवळ येते, चेहरा उजेडात येतो. पस्तिशीचा एक देखणा, अतिशय सभ्य गृहस्थ. पाहुणा सुखरूप पोहोचला याचा आनंद झाला, असं तो स्वच्छ इंग्रजीत म्हणतो आणि पाहुण्याची बॅग स्वतः उचलून त्याला खोलीकडे नेतो. हसणारा गप्प होतो. माझ्या मते या सिनेमातली खरी भयानक गोष्ट हीच आहे: यजमानाचं अगत्य. सुळे त्यानंतर येतात.

आणि येतात तेव्हा कसे! वाचनालयात किल्ल्यातली एक तरुणी हार्करच्या गळ्याला लागते, दार धाडकन उघडतं, आणि तोच सभ्य गृहस्थ दारात उभा असतो. डोळे लाल, हनुवटीवरून रक्त ओघळलेलं. तो टेबलावरून झेप घेतो. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाच्या हातातली सिगारेट तशीच जळत राहते, राख लांब होत जाते.

त्या राखेकडे बघता बघता तुम्ही सहा महिने मागे सरकता.

नोव्हेंबर १९५७. थेम्सच्या काठावर, विंडसरजवळ, ब्रे गावालगत 'डाउन प्लेस' नावाचं जुनं घर. हॅमरनं ते घेतलं आणि त्याचाच स्टुडिओ केला. अकरा तारखेच्या सोमवारपासून इथे चित्रीकरण सुरू आहे. सगळ्या सिनेमाचा खर्च सुमारे ८१ हजार पौंड. तुम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा सगळंच लहान आहे. ज्या दिवाणखान्याला तुम्ही अवाढव्य समजत होता त्याच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत भराभरा चालत जाता येतं. बर्नार्ड रॉबिन्सन हा इथला कलादिग्दर्शक. कमी पैशात राजवाडा उभा करणं त्याच्याकडून शिकावं. एका सिनेमाचे खांब दुसऱ्यात जातात, एका खोलीचा जिना उलटा फिरवला की दुसरी खोली होते. पिळदार खांबाला हात लावून बघा, आतून पोकळ लागेल. पण कॅमेरामन जॅक ॲशर त्यावर जो प्रकाश टाकतो तो खरा आहे. एका कोपऱ्यात जांभळा, एका कोपऱ्यात हिरवट, आणि मध्ये माणसाचा चेहरा. चित्रकारानं रंग निवडावेत तसे तो दिवे निवडतो.

दिग्दर्शक टेरेन्स फिशर त्रेपन्न वर्षांचा आहे. आधी तो संकलक होता, म्हणून कुठे काय दाखवायचं याइतकंच कुठे थांबायचं हेही त्याला कळतं. जिमी सँगस्टरच्या पटकथेनं ब्रॅम स्टोकरच्या मूळ कादंबरीतली बोट वगळली, लंडन वगळलं, वेडा रेनफिल्ड वगळला. पैसे नव्हते म्हणून वगळलं. पण त्यामुळे गोष्ट घट्ट झाली. सगळं मध्य युरोपात, एका सरहद्दीच्या अलीकडे-पलीकडे घडतं. या ड्रॅक्युलाला वटवाघूळही होता येत नाही. तो माणूसच राहतो आणि म्हणूनच जवळ येऊ शकतो.

एका कडेला ड्रॅक्युला झालेला ख्रिस्तोफर ली उभा आहे. सहा फूट चार इंचांच्या वर. डोळ्यांत लाल भिंगं घातली की त्याला धड दिसत नाही, आणि तशाच अवस्थेत त्याला पळायचं असतं, उडी मारायची असते. या कामाचे त्याला साडेसातशे पौंड मिळणार आहेत. सबंध सिनेमात तो सात मिनिटांच्या आसपास दिसणार आहे. बोलणार तो फक्त हार्करशी, तेही सुरुवातीलाच. त्यानंतर शेवटपर्यंत एक शब्दही नाही.

त्याच्याशी गप्पा मारत उभा असलेला सडपातळ गृहस्थ म्हणजे पीटर कुशिंग, सिनेमातला पिशाच्चांचा शिकारी व्हॅन हेल्सिंग. सिगारेट ओढणाऱ्या हातात त्यानं पांढरा मोजा घातलाय, जवळून घेतलेल्या दृश्यात बोटांवर डाग दिसू नयेत म्हणून. या दोघांची दोस्ती मागच्या वर्षी 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन'च्या वेळी जमली. लीला त्यात एकही संवाद नव्हता आणि तो कुरकुरत होता. कुशिंगनं त्याला सांगितलं की तू नशीबवान आहेस, मी पटकथा वाचली आहे. पुढे आयुष्यभर, १९९४ मध्ये कुशिंग जाईपर्यंत, हे दोघे एकमेकांना फोन करून हसत राहिले. पडद्यावर एकमेकांचा जीव घेणारी ही माणसं पडद्यामागे इतकी जिवलग होती, हे कळल्यापासून मला शेवटची मारामारी जास्त आवडू लागली. दोघांचा एकमेकांवर पूर्ण भरवसा असल्याशिवाय तसं झोंबता येत नाही.

त्या मारामारीची एक गोष्ट ब्रेमध्येच ऐकून घ्या. व्हॅन हेल्सिंगनं शेवटी खिशातून आणखी एक क्रूस काढावा, असं पटकथेत होतं. कुशिंगला ते पटेना. हा माणूस क्रूस विकणारा फिरता विक्रेता वाटेल, असं त्याचं म्हणणं. त्यापेक्षा त्यानं टेबलावरून धावत जाऊन पडदे ओढावेत, आणि हाताला लागतील त्या दोन मेणबत्तीदाण्या एकमेकींवर आडव्या धरून क्रूस करावा. फिशरनं ते ऐकलं. आज कुठल्याही चाहत्याला या सिनेमातलं एक चित्र आठवायला सांगा, तो त्याच आडव्या धरलेल्या मेणबत्तीदाण्या सांगेल.

परत हेमार्केट. राख केव्हाच खाली पडली आहे, सिनेमा पुढे गेलाय.

ड्रॅक्युलानं चावलेली ल्युसी थडग्यातून उठली आहे. लहानग्या तानियाचा हात धरून ती तिला स्मशानात घेऊन चालली आहे. व्हॅन हेल्सिंग ल्युसीच्या कपाळाला क्रूस टेकवतो, ती किंचाळत पळते. आणि त्यानंतर तो काय करतो, तर त्या कुडकुडणाऱ्या मुलीपाशी जाऊन आपला लोकरी कॉलरचा कोट तिच्याभोवती गुंडाळतो, क्रूस तिच्या हातात देतो आणि मऊ आवाजात तिच्याशी बोलतो. पिशाच्चं मारायला निघालेल्या माणसाला इतका वेळ असतो, हे मला आजवरच्या दुसऱ्या कुठल्या व्हॅन हेल्सिंगमध्ये दिसलं नाही. थिएटरमध्ये आता कुणीही हसत नाही. मागे एका बाईनं रुमाल काढलाय.

मग मीना. आर्थर होल्मवूडची बायको, घरंदाज, समंजस. बाहेर दोघे पुरुष रात्रभर पहारा देतात, आणि ड्रॅक्युला घरातच निघतो, कारण त्याची शवपेटी त्यांच्याच तळघरात ठेवलेली आहे. बाईसाहेबांनी तळघरात जायला बंदी केली आहे, असं मोलकरीण सहज सांगते आणि व्हॅन हेल्सिंग पायऱ्यांकडे धावत सुटतो. संकट गावाबाहेरून येत नाही, आपल्याच घराच्या पोटात मुक्कामाला असतं. नारायण धारपांची 'लुचाई' वाचलेल्या मराठी वाचकाला ही धास्ती नवी नाही. ती कादंबरी बेतली स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर, आणि किंगच्या मागे पुन्हा ब्रॅम स्टोकरच उभा आहे.

पण त्याआधी मीना पलंगावर. ड्रॅक्युला खोलीत येतो, दार लावून घेतो. ती मागे मागे सरकते, आडवी होते. त्याचा चेहरा तिच्यावर वाकतो. आणि...

दृश्य तुटतं.

तुमच्याशिवाय कुणाला कळलंही नाही. लंडनच्या सेन्सॉरनं इथे कात्री लावली आहे. ल्युसीच्या छातीत खुंटी ठोकताना लावली, इथे लावली, आणि शेवटच्या दृश्यात लावली. तुम्ही आलात त्याचं दुसरं कारण हेच. तो सांधा तुम्हाला पहिल्या दिवशीच्या प्रिंटमध्ये आपल्या डोळ्यांनी बघायचा होता.

कारण पुढची पन्नासहून अधिक वर्षं चाहते याच सांध्याभोवती फिरत राहणार आहेत. शेवटच्या दृश्याची स्थिरचित्रं मासिकांत छापून येतील. लीचा चेहरा सोलल्यासारखा, गालाची कातडी लोंबणारी. पडद्यावर मात्र तसं काहीच दिसत नाही. मग हे छायाचित्र आलं कुठून? जपानमध्ये जास्त मोकळी प्रत दाखवली गेली, अशी कुजबुज होईल. कुणी म्हणेल मी पाहिलंय, कुणी म्हणेल तुला भास झाला. माणसं म्हातारी होतील, वाद तसाच राहील. बाहेरच्या माणसाला हे वेड वाटेल. मला ती निष्ठा वाटते. आपल्या माणसाबद्दल ऐकलेली एखादी अर्धी गोष्ट पूर्ण ऐकल्याशिवाय जिवाला चैन पडत नाही, तशी.

चला, क्षणभर २०११च्या टोकियोत. तिथे राहणाऱ्या एका ब्रिटिश चाहत्यानं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या फिल्म सेंटरकडे साधी चौकशी केली. प्रत होती. पूर्ण नव्हती. १९८४ मध्ये या सेंटरला आग लागली आणि नऊ रिळांपैकी पहिली पाच गेली. सहा ते नऊ वाचली, तीही आगीची धग सोसून. आता नशीब बघा. तोडलेल्यांपैकी ती दोन दृश्यं, मीनाच्या खोलीतलं आणि शेवटचं, सिनेमाच्या उत्तरार्धात आहेत, म्हणजे नेमक्या वाचलेल्या रिळांत. आग उलट्या बाजूनं पसरली असती तर त्या मासिकांतल्या छायाचित्रांवरच समाधान मानावं लागलं असतं.

तुम्ही ती रिळं बघता. रंग उडालेले, फिल्म जागोजागी खराब झालेली, ओरखड्यांचा पाऊस. आणि त्या पावसामागे ली मीनावर वाकतो, पण लगेच चावत नाही. त्याचा चेहरा तिच्या गालाशी, ओठांशी रेंगाळतो. काही सेकंदच. पण या सेकंदांनी अर्थ फिरतो. लंडनमध्ये दिसला तो हल्ला होता. इथे मीना त्याला थांबवत नाही. त्याआधी एका सकाळी लोकरी कॉलरचा कोट घालून, चेहऱ्यावर मंद हसू घेऊन ती घरी आली होती, ते हसू कुठून आलं हे आता समजतं. फिशरनं मीना झालेल्या मेलिसा स्ट्रिब्लिंगला त्या प्रसंगासाठी हेच तर समजावलं होतं, की अशी रात्र गेल्यावर बाई जशी परतेल तशी ये.

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं २००७ मध्ये सिनेमा दुरुस्त करून घेतला होता. हॅमरनं २०१२ मध्ये त्यात हे सेकंद बसवले आणि पुढच्या वर्षी ब्लू-रे आली. आनंद झाला आणि लगेच भांडणही झालं, कारण नव्या प्रतीचे रंग फार निळसर निघाले. २०१८ मध्ये अमेरिकेत दुसरी डिस्क निघाली, तिच्यात निळाई नाही, पण जपानी सेकंदही नाहीत. चाहते दोन्ही घेतात. ॲशरचा तो खरा लाल कोणता, यावर आजही कुणी शांतपणे बोलू शकत नाही, आणि ते योग्यच आहे. ज्यानं इतक्या काळजीनं दिवे लावले त्याचा रंग नेमका कोणता होता, हे कुणीतरी भांडून ठरवायलाच हवं.

परत या. तुमच्या खुर्चीत अजून ऊब आहे.

शेवट आलाय. पहाट होतेय, बग्गी भरधाव, किल्ला. टेबलावरून धाव, पडदा फाटतो, उन्हाची तिरीप जमिनीवरच्या राशीचक्रावर पडते. ड्रॅक्युलाचा पाय उन्हात येतो आणि राख होतो. आडव्या मेणबत्तीदाण्या. हात. आणि इथे, तुमच्या डोळ्यांदेखत, सांधा. त्याचा हात चेहऱ्याकडे जातो आणि बोटांनी स्वतःची कातडी ओढली जाते, ते इथे नाही. आज या थिएटरमधल्या एकाही माणसाला ते दिसणार नाही. तुम्हाला मात्र तो तुकडा अगदी नेमक्या जागी, नेमक्या लांबीचा, मनातल्या मनात दिसतो. ओरखड्यांसकट. मग पुन्हा पडदा आणि तुमची आठवण एका ठिकाणी येतात. तिकडे मीनाच्या तळहातावरचा क्रूसाचा डाग पुसला जातो. वारा येतो, राख उडते, जमिनीवर अंगठी राहते.

दिवे लागतात. राष्ट्रगीताला माणसं उठतात. कुणी लगेच बोलत नाही. 'ऑब्झर्व्हर'च्या समीक्षक लेजून बाई असल्या हीन अभिरुचीचा सिनेमा अमेरिकेला पाठवल्याबद्दल सभ्य अमेरिकन माणसांची माफी मागणार आहेत. रांगा त्यानं कमी होणार नाहीत.

बाहेर अंधार. बस नाहीत, म्हणून सगळे चालत निघालेत, आणि तुम्ही त्यांच्याबरोबर. ट्रफाल्गर चौक ओलांडून स्ट्रँडला लागता. पंधरा मिनिटांनी डावीकडे वेलिंग्टन स्ट्रीट, आणि कोपऱ्यापलीकडे लायसियमचे उंच खांब. ब्रॅम स्टोकर इथे व्यवस्थापक होता. कादंबरी प्रसिद्ध व्हायच्या बेतात असताना, १८ मे १८९७ ला, नाटकाचे हक्क राखण्यासाठी त्यानं इथेच तिचं वाचन करवून घेतलं. हे नाव रंगमंचावर पहिल्यांदा ऐकू आलं ते या खांबांच्या मागे. मागची इमारत नंतर बदलली, खांब तेच आहेत. सध्या इथे नाचाचा हॉल आहे. आतून बँडचा आवाज येतोय.

तुमच्या पुढे एक जोडपं चाललंय, गोमाँमधूनच निघालेलं. ती त्याला काहीतरी विचारते, तो मान हलवतो. मग खांबांच्या सावलीतून जाताना, बँडच्या चालीकडे लक्ष न देता, तो शीळ घालतो. तीनच सूर.